रापणीचा फोटो

सत्यवानाबद्दल मी गावात कधी वाईट बोललो नाही. जे काही बोललो ते त्याच्या फोटोंबद्दल. लोकांना हा फरक कळत नाही, त्याला मी काय करणार?

सत्यवान माझा मामेभाऊ, सहा वर्षांनी धाकटा. मालवणच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथे तो चार वर्षं माझ्या हाताखाली होता. फिल्म अंधारात कशी भरायची, निगेटिव्ह किती वेळ पाण्यात ठेवायची, नवऱ्यामुलीच्या नाकावर उजेड कुठून घ्यायचा, सगळं मी शिकवलं. ब्याऐंशी साली तो मुंबईला एका जाहिरात कंपनीत लागला आणि दोन वर्षांत त्याचे फोटो कॅलेंडरांवर आले. मी इथेच राहिलो. पासपोर्ट साइज, बारशी, लग्नं, आणि कोणी म्हातारं माणूस गेलं की जुन्या ग्रुप फोटोतलं त्याचं डोकं मोठं करून फ्रेमला देणं. माझे फोटो घराघरांत आहेत, पण त्यातल्या निम्म्यांना हार घातलेले आहेत.

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मामीला, आम्ही अक्का म्हणतो. ती आमच्या शेजारच्या घरात राहते आणि तिला वाचता येत नाही. त्यामुळे सत्यवानाची पत्रं वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. नवा कॅमेरा घेतला, बंगलोरला गेलो, साहेबांनी कौतुक केलं, हा मजकूर मी इतक्या घाईत वाचायचो की अक्का म्हणायची, जरा दमान वाच रे. "थोडा खोकला आहे" हे मात्र मी सावकाश, दोनदा वाचायचो. हे मला शोभत नव्हतं, आणि मी ते थांबवलंही नाही.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने मला बोलावलं. तिथे पंपाचे भाग बनत. चौसष्ट कामगारांची ओळखपत्रं करायची होती, त्यांचे फोटो काढायचे होते. तिथले मॅनेजर वर्तकसाहेब पुण्याचे. माणूस सज्जन, पण त्यांना कामगारांना उत्साह देण्याची फार हौस. त्यांनी कोल्हापूरहून भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ मागवला होता आणि मुख्य ऑफिसातून आलेली एक कॅसेट कॅन्टीनमध्ये दाखवायची ठरवली होती. कॅन्टीनच्याच एका कोपऱ्यात मी पांढरी चादर लावून बसलो होतो. एकेक माणूस फिल्म बघता बघता उठून माझ्यापुढे येई, दोन्ही कान दिसतील असा बसे, आणि परत जाई.

फिल्म हिंदीत होती आणि वर्तकसाहेब मधूनमधून मराठीत अर्थ सांगत होते. विषय काय, तर फोटोग्राफी आणि नोकरी. समुद्रावरचे सूर्योदय, पाण्याचा थेंब, दोर चढणारे लोक, मागे बासरी. कोन बदला म्हणजे अडचण संधी दिसेल. प्रकाशाची वाट पाहा. फोकस सोडू नका. मला हसू येत होतं. कोन बदलून अडचण संधी झाली असती तर माझ्या स्टुडिओच्या गळक्या कौलांकडे मी उताणं पडून बघितलं असतं. आणि फोकसचं म्हणाल तर मी तो पंधरा वर्षं रोज साधतोय, त्याने माझी कमाई एका पैशानेही वाढली नाही. शिवा नावाचा एक लेथवाला माझ्यापुढे बसला होता. त्याने हळूच सांगितलं की फिल्म झाल्यावर प्रत्येकाने कागदावर "माझा फोकस" लिहून द्यायचा आहे, आणि त्याने आधीच कॅन्टीनची भाजी असं लिहून टाकलंय.

एवढ्यात टीव्हीवर सत्यवान आला.

दाढी वाढवलेली, अंगात खूप खिशांचं जाकीट. चांगल्या हिंदीत तो सांगत होता की मी काही करत नाही, मी फक्त थांबतो. जो थांबतो त्याच्याकडे फोटो आपणहून येतो. हा माणूस भात शिजेपर्यंत कधी थांबलेला नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या कामगाराला मी मान उजवीकडे म्हणून सांगितलं आणि स्वतःच उजवीकडे बघत राहिलो.

मग फोटो दिसला. म्हणजे फोटोचा एक तुकडा. दोन हात, म्हातारे, शिरा वर आलेले, आणि त्यांत घट्ट धरलेला दोर. कॅमेरा हळूहळू मागे सरकत होता. चेहरा आला, आणि मी ओळखलं, ती काशीबाई होती. चिवल्याच्या वेळेवरची, म्हणजे किनाऱ्यावरची काशीबाई, आणि दोर रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा. वर्तकसाहेब म्हणाले, आता पूर्ण छायाचित्र बघा, यात खरा धडा आहे. आणि वीज गेली.

मी खुर्चीवरून उठलो आणि अंधुक कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणालो, "साहेब, हा फोटो माझा आहे. मी काढलाय."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. तो दिवस मला स्वच्छ आठवत होता. एक्क्याऐंशी सालचा नोव्हेंबर. लवू रापणकराने नवं जाळं केलं होतं. नारळ फोडून ते पहिल्यांदा दर्यात सोडलं होतं आणि जाळं किनाऱ्याला लागताना सगळ्या मंडळींचा फोटो हवा म्हणून त्याने मला बोलावलं होतं. मला, सत्यवानाला नाही. तो माझ्याबरोबर स्टँड उचलायला आला होता. त्याच्या गळ्यात माझा जुना कॅमेरा होता, पण त्याच्या भिंगाला खाऱ्या हवेने बुरशी धरली होती आणि त्यातून काढलेला माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. टीव्हीवर तर काशीबाईच्या हाताची शीर न् शीर दिसत होती. तेव्हा फोटो माझ्या कॅमेऱ्यातला, म्हणजे माझा, आणि सत्यवान निगेटिव्ह घेऊन मुंबईला गेला. दोन मिनिटांत माझी खात्री झाली. खरं सांगायचं तर खात्री व्हावी म्हणून मी पाच वर्षं तयारच बसलो होतो.

वर्तकसाहेबांना धक्का बसला, पण त्यांना आनंदही झाला. त्यांच्या कंपनीच्या फिल्ममधला माणूस इथे, वीस मैलांवर राहतो! जानेवारीत कारखान्याचा वर्धापनदिन होता, कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. ते म्हणाले, तेव्हा वीज गेली तर जनरेटर ठेवू, फिल्म पुन्हा दाखवू आणि मूळ छायाचित्रकार म्हणून तुमचा सत्कार करू. ती म्हातारी आहे का अजून? मी म्हटलं, आहे की, मी तिला घेऊन येतो. काशीबाईला मीच आणतो म्हणालो, हे लक्षात ठेवा.

घरी येऊन मी निगेटिव्हचा पत्र्याचा डबा उपसला. लवूच्या रापणीचा रोल सापडला. बारापैकी नऊ होत्या, तीन नव्हत्या. नऊच्या नऊ ग्रुप फोटो: सगळे ओळीत, छातीवर हात बांधून, माझ्याकडे बघताहेत. मी बायकोला, सुगंधाला, हाक मारून म्हटलं, बघ, तीन गायब. ती म्हणाली, कुणाचे डोळे मिटले की तुम्ही ती निगेटिव्ह तिथल्या तिथे फेकता, तशा फेकल्या असतील. मी म्हटलं, तीन? ती म्हणाली, मग सत्यवानालाच पत्र टाकून विचारा. हे बोलणं सरळ होतं. पण विचारलं तर तो उत्तर देणार, याची मला भीती होती. मी म्हटलं, चोराला काय विचारायचं.

हा शब्द भिंतीपलीकडे गेला असावा. दुसऱ्या दिवशी अक्का आली. एरवी ती पत्र घेऊन येते, त्या दिवशी हात मोकळे होते. पायरीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "परशा, त्यो फोटो तुजो म्हणतत. खरा?"

"खरा."

"मगे माज्या झिलान चोरल्यान काय?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. चुकून अदलाबदल झाली असेल असं म्हणता आलं असतं. पण डोळ्यापुढे ते जाकीट आलं, ती बासरी ऐकू आली, आणि मी म्हणालो, "होय अक्का. चोरल्यान."

तिने पदर नीट केला आणि ती उठून गेली. पुढचे तीन आठवडे ती पत्र वाचून घ्यायला आली नाही. दोन पत्रं आली होती, पोस्टमनने मला सांगितलं. सुगंधा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी मात्र नवा सदरा शिवायला टाकला आणि सत्काराला काय बोलायचं ते पाठ केलं. भाषणात मी सत्यवानाला माफ करणार होतो. मोठ्या मनाने, सगळ्यांसमोर.

वर्धापनदिनी दुपारच्या एसटीने आम्ही चौघं निघालो. मी, सुगंधा, काशीबाई, आणि मी न बोलावताही अक्का. ती म्हणाली, माझ्या मुलाचं नाव निघणार आहे तर मला ते कानांनी ऐकायचंय. काशीबाई खुशीत होती. पंच्याहत्तरीची बाई, डोळ्यांना अजून चष्मा नाही. सरकारी पेन्शन मिळणार असा तिचा समज होता आणि मी तो मोडला नव्हता.

कॅन्टीनमध्ये पताका लावल्या होत्या. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मी मुद्दाम टीव्हीच्या अगदी समोरची खुर्ची घेतली. फिल्म सुरू झाली. सूर्योदय, थेंब, बासरी, दाढी. सत्यवान दिसताच अक्काने खुर्चीचा हात धरला. तिने त्याला दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मग काशीबाईचे हात आले, चेहरा आला, आणि कॅमेरा मागे मागे सरकत पूर्ण फोटो पडद्यावर आला.

तो फोटो मी कधीच पाहिला नव्हता. पुढे काशीबाई, टाचा वाळूत रुतवून, सगळं अंग मागे टाकून दोर धरलेली. तिच्यामागे दहा-बारा गडी, सगळ्यांनी दोर सोडलेला, कोणी पंचा झाडतोय, कोणी केस सारखे करतोय. गड्यांनी सोडण्याआधी दोर खुंटाला गुंडाळला होता, पण तो भाग फोटोत येत नाही. आणि एका बाजूला, पाठमोरा, जरासा अस्पष्ट, एक माणूस हात उंच करून ओरडतोय. त्याच्यापुढे तीन पायांचं स्टँड आहे, पण ते त्याच्या पाठीआड गेलंय. नीट बघितलं तर एकच पाय दिसतो.

वर्तकसाहेबांनी कॅसेट थांबवली. चित्र थरथरत उभं राहिलं. ते म्हणाले, मंडळी, काय दिसतं? सगळे थकले. सगळ्यांनी दोर सोडला. हा हात वर केलेला माणूस सांगतोय, सोडा, काही होणार नाही. प्रत्येक कंपनीत असा एक माणूस असतो. स्वतः ओढत नाही आणि दुसऱ्याला ओढू देत नाही. आपल्याकडे कोण आहे तो? कामगार हसले, कोणीतरी स्टोअरकीपरचं नाव घेतलं, आणखी हसले. साहेब पुढे म्हणाले, पण ही माउली सोडत नाही. हिच्या मनात एकच विचार आहे, सगळ्यांचं जाळं किनाऱ्याला लागलं पाहिजे.

सुगंधाने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. पंधरा वर्षं ती माझे सदरे धुते. माझी पाठ तिला दुसऱ्या कोणी दाखवावी लागत नाही.

आपल्यामध्ये आज दोन खास पाहुणे आहेत असं म्हणत साहेबांनी आम्हाला पुढे बोलावलं. माझ्या मनात आलं, पळून जावं. पण दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या. साहेबांनी काशीबाईपुढे माइक धरला आणि विचारलं, आजी, त्या दिवशी हा फोटो यांनीच काढला ना?

काशीबाईने आधी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या मनात काही नव्हतं. तिला खरं विचारलं, तिने खरं सांगितलं.

"ह्येनी? ह्यो तर थंय उभो आसा मां, हात वर करून. आमका सगळ्यांका 'दोर सोडा नि हंय बघा' म्हणान आराडत होतो. माका म्हणता, काशीबाय, सोड गो. मी कित्याक सोडतलंय? दोराक हात नाय, तर वाटो नाय. ह्येच्या फोटोपायी माझे बांगडे जावचे होते."

मग शिवा हसला. त्याच्या मागोमाग सगळं कॅन्टीन हसलं, बायका, पोरं, कॅन्टीनवालासुद्धा. आमच्याकडे रापणीच्या दोराला जो हात लावतो त्याला माशांचा वाटा मिळतो, हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. काशीबाईची अर्धी जिंदगी त्या वाट्यावर गेली. जाळं जवळ आलं की ती येऊन शेवटी उभी राहायची आणि दोर धरून नुसती मागे रेलायची. ओढत बिढत काही नव्हती. साहेबांनी धडा म्हणून दाखवलेली फिल्म सगळी खोटी होती, हे त्या कॅन्टीनमध्ये सिद्ध झालं. थकवा खोटा, माउली खोटी, हात वर केलेल्याचं सोडा-सोडा तेवढं खरं. एरवी मला यात केवढा आनंद झाला असता!

वर्तकसाहेब गोंधळले, पण माणूस हुशार. म्हणाले, म्हणजे छायाचित्रातल्या दोन्ही व्यक्ती आज इथे हजर आहेत, हे तर आणखी भाग्य. त्यांनी काशीबाईला साडी दिली आणि माझ्या अंगावर शाल घातली. फोटोतला माणूस म्हणून. टाळ्या पडल्या. पाठ केलेलं भाषण माझ्या खिशात होतं, ते तिथेच राहिलं.

एसटी स्टँडवर बसची वाट बघताना मला हळूहळू सगळं दिसायला लागलं. मी त्या दिवशी ओरडत होतो, कारण काशीबाई सोडत नव्हती आणि माझी ओळ बिघडत होती. मला तिचा राग आला होता. आणि माझ्या पाठीमागे चार पावलांवर सत्यवान उभा होता, बुरशी धरलेलं भिंग त्याने कशाने तरी पुसून घेतलं असणार, आणि मी जे मोडायला निघालो होतो तेच तो बघत होता. मी त्याला फिल्म भरायला शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं, कारण मला ते येत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की त्याचं नशीब माझ्यापेक्षा मोठं आहे. नशिबाचा हेवा करणं सोपं असतं.

बसमध्ये अक्का माझ्या पुढच्या बाकावर काशीबाईशेजारी बसली. काशीबाई साडी उराशी धरून लगेच झोपली. कसालच्या पुढे गेल्यावर मी वाकून म्हणालो, "अक्का, सत्यान चोरूक नाय. मी खोटा बोललंय."

"ता माका कळला रे," ती मागे न बघता म्हणाली.

मला वाटलं, संपलं. कबूल केलं, ती रागावली नाही, आता घरी जाऊन निजावं. पण ती वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. दोन वर्षांत न पाहिलेल्या मुलाला तिने आज पाव मिनिट पाहिलं होतं आणि तिला अजून थोडं हवं होतं.

"माका फोटोतला काय एक कळना नाय," ती म्हणाली. "थंय सगळी हसली, तेवढा दिसला. तू धंद्यातलो माणूस. माज्या झिलान फोटो काढल्यान तो बरो आसा, काय नुसतोच टीव्हीर इलो?"

खोटं बोलल्याची कबुली देताना माझी जीभ अडली नव्हती. आता अडली. गाडी वळणं घेत होती, कंडक्टर सुटे मोजत होता, सुगंधा खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होती. नुसतोच टीव्हीर इलो, एवढे तीन शब्द म्हटले असते तरी अक्काने विश्वास ठेवला असता. तिला दुसऱ्या कोणाला विचारायचं नव्हतं.

"बरो आसा," मी म्हटलं. "लय बरो आसा, अक्का. माका जमलो नसतो."

तिने ते ऐकलं. मग तिने काशीबाईला कोपराने ढोसून जागं केलं आणि मला म्हणाली, "आता तिका सांग. जरा मोठ्यान सांग, तिका कमी आयकाक येता."